मागच्याच्या पायांवर एक लोटा

एका राज्यात राजापेक्षा नदी जुनी होती, आणि ही गोष्ट राजाला कुणी सांगितली नव्हती.

नदीचे नाव नितळा. सात शिखरांच्या डोंगरातून ती निघे, घळीतून उड्या घेत खाली येई, आणि राजधानीच्या वेशीपासून अर्ध्या कोसावर जरा दम खाई. तिथे डोह होता, उथळ पाणी होते, बसायला म्हशीच्या पाठीसारखे गुळगुळीत खडक होते. पाणी इतके स्वच्छ, की माशाची सावली तळाच्या गोट्यावर पडे आणि त्या गोट्यावरची रेघ काठावरून दिसे. सुट्टीचा दिवस आला की अख्खे नगर तिकडे लोटे. सराफ येत, साळी येत, दरबारातले कारकून धोतरे खोचून येत. पोरे वरच्या खडकावरून उड्या टाकीत, बायका पाण्यात पाय सोडून सासरची उणीदुणी काढीत, म्हातारे गळ्याइतक्या पाण्यात बसून राज्य कसे चालवावे ते एकमेकांना सांगत. नदी सगळ्यांना घेई आणि संध्याकाळी होती तशी राही.

ती तशी राही, याला एक रीत कारण होती. काठावर काळ्या दगडाची डोणी होती. बाजूच्या झऱ्याचे पाणी तिच्यात पडे, आणि तिच्या कडेवर तांब्याचा एक लोटा उपडा ठेवलेला असे. नदीत उतरणाऱ्याने आधी जोडे काढायचे आणि डोणीपाशी उभे राहायचे. पुढच्या माणसाने त्याच्या पायांवर लोटाभर पाणी घालायचे. मग त्याने लोटा घ्यायचा, आपल्या मागच्याच्या पायांवर पाणी घालायचे, लोटा त्याच्या हाती द्यायचा आणि मगच नदीत पाऊल टाकायचे. मागे कोण आहे ते बघायचे नाही. सराफाने साळ्याच्या पायांवर घातले, साळ्याने सरदाराच्या. कारण नितळा हे साती आसरांचे घर. पाण्यात राहणाऱ्या त्या सात बहिणी. आणि बायकांच्या घरात मळक्या पायांनी आणि चढेल मनाने शिरत नाहीत, एवढे त्या काळी पोरांनाही कळे.

डोणी राखणाऱ्याला डोणीकर म्हणत. त्या वर्षी डोणीकर होता जिवबा. डोणी घासावी, पहिल्याच्या पायांवर पहिला लोटा घालावा, रांग मोडू देऊ नये, हे त्याचे काम. त्याची बायको बकुळा घाटापलीकडून आली होती. लग्नाला तेरा दिवस झाले होते. या तेरा दिवसांत ती किती शब्द बोलली ते शेजारणींनी बोटांवर मोजले होते आणि त्यांना एक हात पुरला होता.

"सूनबाई मुकी आहे काय गं?" शेजारीण विचारी.

"मुकी नाही," जिवबाची आई सांगे. "बघतेय. बघून झालं की बोलेल."

नव्या सुनेने पहिल्या सणाला नदीत उतरायचे अशी चाल होती. म्हणून चौदाव्या दिवशी, सणाच्या सकाळी, बकुळा डोणीपाशी रांगेत सर्वांत पुढे उभी राहिली. पायांची हळद अजून पुरती उतरली नव्हती. जिवबाने लोटा उचलला, इतक्यात डोंगर दणाणला.

राजा मणिकेतू जलक्रीडेला आला होता.

उंटांवर नगारे होते. पालखीत राणी होती. मागे चाळीस दासी, प्रत्येकीच्या हातात सुगंधी तेलाची कुपी. राजाच्या पायांत माणकांची मोजडी होती. तिचा उजेड दोन्ही काठांवर पडत होता. रांगेने आपोआप वाट दिली. राजा बकुळेच्या पुढे येऊन उभा राहिला.

जिवबाने हात जोडले. "महाराज, जोडे काढावेत."

प्रधान पुढे झाला. "महाराजांचे पाय राजवाड्यातच धुतलेत. चांदीच्या घंगाळात, गुलाबपाण्याने, सोळा दासींनी. तुझ्या डोणीत त्याहून काय आहे?"

"काही नाही, सरकार. पण ते अर्धं काम झालं. मागच्याच्या पायांवर पाणी घालायचं राहिलं."

राजाने मागे वळून पाहिले. तेच पाहायचे नसते.

"ही कोण?"

"मागचं माणूस, महाराज."

"कुणाची कोण, ते विचारलं."

जिवबाला खोटे बोलता येत नसे. "माझी बायको."

दरबार हसला. दरबाराला हसायचे केव्हा ते कळते. बाकीचे त्याला शिकवावे लागते.

"म्हणजे तुझ्या बायकोचे पाय मी धुवायचे," राजा म्हणाला.

"माझ्या बायकोचे नाही, महाराज. मागच्याचे."

राजाने त्याला कोपराने बाजूला सारले आणि मोजडीसकट नदीत पाय टाकला. त्याच्यामागे राणी, दासी, तेल, नगारे.

इथवर एक वेळ समजून घेता येईल. राजे चुकतात, तेवढ्यासाठीच त्यांच्याजवळ प्रधान ठेवलेले असतात. पण मग रांगेतला सराफ म्हणाला, "आम्हीही घरूनच धुऊन आलोय," आणि जोड्यांसकट उतरला. साळी म्हणाला, "आम्हीही." कारकून म्हणाले, "आम्ही तर दोनदा." ज्यांनी आयुष्यभर एकमेकांच्या पायांवर पाणी घातले होते, त्या सगळ्यांना त्या एका सकाळी आठवले की आपले पाय घरीच धुतलेले आहेत. लोटा डोणीवर उपडा राहिला. काठावर दोनच माणसे उरली. एक डोणीकर, आणि दुसरी बकुळा. तिच्या पायांवर कुणी पाणी घातले नव्हते, म्हणून ती उतरली नाही.

दुपारपर्यंत नदीत शिव्या, साली, उष्टी पाने, तेल आणि नगारे भरले. सूर्य माथ्यावर आला, आणि नितळेने पदर आवरून घेतला.

दुसऱ्या शब्दांत ते सांगता येत नाही. ओवळ्या माणसाचा स्पर्श नको म्हणून बाई जशी पदर ओढून घेते, तसे पाणी माणसांपासून बाजूला झाले. नदी वाहत होती, मासे पोहत होते. पण राणी डोहाच्या मध्यावर कोरड्या गोट्यांवर बसली होती आणि तिच्याभोवती हातभर अंतर राखून पाणी भिंतीसारखे उभे होते. राजाने ओंजळ पुढे केली, पाणी मागे सरले. पळत सुटलेल्या लोकांपुढून पाणी बाजूला होत गेले. धांदलीत राजाची उजवी मोजडी तळाच्या खडकात अडकली ती तिथेच राहिली. घरी जाऊन लोकांनी विहिरीत पोहरे सोडले. पोहरे कोरडे वर आले. विहिरी भरलेल्या होत्या.

संध्याकाळी दवंडी पिटली: नदी पूर्ववत आहे, कोणी घाबरू नये, तहानेविषयी चर्चा करू नये.

राजमांत्रिक कुंभदत्ताने दरबारात डोळे मिटले. डोळे मिटले की त्याला नेहमी राजाला हवे तेच दिसे. "डोणीकराने नदी फितवली आहे," तो म्हणाला. "आपल्या बायकोचे पाय महाराजांकडून धुऊन घेण्याचा त्याचा बेत होता. बेत फसला, म्हणून त्याने चेटूक केलं. त्याला डोहाच्या मध्यावर खांबाला बांधा. पाण्याचा थेंब देऊ नका. तिसऱ्या दिवशी मावळतीला मी मंत्राने डोहाचं तोंड उघडीन. हा आत गेला की नदी माणसांत येईल."

लोकांनी माना हलवल्या. सकाळी प्रत्येकाने सगळे डोळ्यांनी पाहिले होते, आणि प्रत्येकाने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जिवबाला खांबाला बांधले. त्याच्या चारी बाजूंनी निळे, थंड पाणी उभे होते आणि त्याचे ओठ सुकत होते. नगरातले लोक ताक, शहाळी आणि उसाचा रस पिऊन होते. जिवबाला तेही देण्याची बंदी होती.

बकुळा डोणीपाशी बसली. झरा आटला होता. डोणीच्या तळाशी लोटाभर पाणी तेवढे उरले होते. कडेवर शेपूट वरखाली करीत एक परीट बसला होता; काळापांढरा, नदीकाठी धुणे आपटल्यासारखी शेपटी आपटणारा तो लहानसा पक्षी.

परीट म्हणाला, "रडणार असशील तर मी जातो."

बकुळेने मान हलवून नाही म्हटले.

"मग ऐक. आसरा उगमाच्या कुंडात जाऊन बसल्यात. थोरलीला विचार, काय हवं ते. आणि चढताना पायातलं काढ."

बकुळा अनवाणी डोंगर चढली. काटे रुतले, ते तिने काढले. ऊन डोक्यावर यायच्या आत ती कुंडापाशी पोचली. कुंडात सातजणी बसल्या होत्या. केस शेवाळासारखे हिरवे, हातांत शिंपल्यांच्या बांगड्या, कपाळ मात्र उघडे. कारण कुणीतरी त्यांच्या घरात शिरून त्यांचे कुंकूही विस्कटले होते.

थोरली म्हणाली, "तू उतरली नाहीस."

"माझ्या पायांवर कुणी पाणी घातलं नाही."

"तुझ्या नवऱ्याचा दोष नाही, ते आम्हाला ठाऊक आहे."

"मग त्याला सोडा."

"आम्ही कुठे बांधलाय त्याला? दोर तुमच्या राजाचे." थोरली कठोर नव्हती, दमलेली होती. "आमच्या घरात तीन वस्तू पडून आहेत. त्या बाहेर निघाल्या की आम्ही परत येऊ. घळीत गलका अडकलाय. पिलांना झोप नाही. डोहावर तेल पसरलंय; माशांना श्वास नाही. तळाशी मोजडी आहे; आम्हाला चूल मांडायला जागा नाही. गलका जो ऐकून घेईल त्यालाच सापडेल. तेल जिला लागेल तिने ते परत धुवायचं नाही. आणि मोजडीला मालकाशिवाय कुणी हात लावला तर तो बेडूक होईल. मालकालाही आधी त्याचं राहिलेलं काम करावं लागेल. डोणीत एक लोटा पाणी ठेवलंय, ते त्याच कामाचं. ते कुणी प्यायलं, तर आम्ही या राज्यात परत येत नाही."

बकुळा खाली उतरली. वाटेत ती घळीत थांबली. सोबत अरुंद तोंडाचे एक मडके होते. ते उघडे ठेवून ती शेजारी बसली.

घळीत कालचा गलका अजून भिंतींवर आपटत होता. नगारे, खिदळणे, हुकूम. कुणी बसलेले बघून तो तिच्याकडे आला. आधी नगाऱ्यांनी तिच्या कानाशी धडाधड केले. ती गप्प. मग दासी हसल्या, "पायांना बघ कशी हळद." ती गप्प. मग प्रधानाच्या आवाजात गलका म्हणाला, "तू रांगेत पुढे उभी राहिली नसतीस तर नवरा बांधला गेला नसता." बकुळेच्या हाताच्या मुठी वळल्या. ओठांवर आलेले उत्तर तिने दातांनी धरून ठेवले. मग शेजारणीच्या आवाजात, "पांढऱ्या पायाची आली." ती गप्प राहिली. उत्तर मिळत नाही असे गलक्याचे कधी झाले नव्हते. तो गोंधळला, जवळ आला, ही बाई ऐकते तरी कुठे म्हणून मडक्यात डोकावला. आणि बकुळेने वर फडके बांधून गाठ मारली.

घळ शांत झाली. कड्यावरच्या घरट्यातली पिले एका क्षणात झोपली. मडके दिवसभर काखेत गुरगुरत राहिले.

दुसरा दिवस तेलाचा. डोहावर साय धरावी तसा तवंग होता आणि त्याखाली मासे तोंडे उघडून वर येत होते. बकुळा डोहात उतरली. पाणी तिच्यापासून दूर सरले. तेल सरले नाही. तेल माणसाला कधी टाळत नाही. तिने अंबाडा सोडला. गुडघ्यांखाली जाणारे केस डोहावर पसरले, आणि चाळीस कुप्यांचे तेल जाई, गुलाब, वाळा असे वास घेऊन केसांत चढू लागले. दुपार होईतो डोह स्वच्छ झाला आणि तिचे केस इतके जड झाले की मान उचलवेना.

खांबाला बांधलेला जिवबा हे पाहत होता. त्याचा आवाज खरखरीत झाला होता. "धुऊन टाक."

"धुवायचं नाही म्हणाल्यात," बकुळा म्हणाली. "आणि पाणी कुठे आहे?"

दोघेही भोवती उभ्या असलेल्या पाण्याकडे पाहून थोडे हसले. पंधरा दिवसांच्या संसारातली ती दोघांची पहिली थट्टा.

ती रांगत घरी आली. सासूपुढे बसली. "आत्याबाई, विळा द्या."

सवाष्ण बाईने केस उतरवणे म्हणजे काय, ते दोघींना ठाऊक होते. नवरा मेल्यावर जे करतात ते नवरा जिवंत ठेवण्यासाठी करायचे होते. आत्याबाई उठली, विळा आणला. पण दिला नाही.

"तू वाकडे कापशील," ती म्हणाली. "मान खाली घाल."

तिने एका हाताने केस धरले आणि मानेपाशी सरळ कापले. मग ते परसात खड्डा करून पुरले. तिथली माती पुढे सात वर्षे अत्तरासारखी घमघमत होती, आणि तिथे दुधी चांगला येई. काम झाल्यावर आत्याबाईने सुनेच्या कपाळी बोटभर कुंकू लावले. "आता कोण काय म्हणतं ते मी बघते," ती म्हणाली, आणि दारात पाय सोडून बसली. त्या दिवशी त्या गल्लीतून कुणी गेले नाही.

तिसरा दिवस मोजडीचा. मोजडीची आठवण राजवाड्यातही होती. माणके ती माणके. सकाळीच राजाने तिच्यासाठी सात शिपाई पाठवले होते. बकुळा पोचली तेव्हा डोहाच्या तळाशी मोजडीभोवती सात बेडूक बसले होते. सातांनाही मिशा होत्या.

बकुळेने डोणीतले शेवटचे पाणी लोट्यात भरले. थोरलीने ठेवलेले ते पाणी तिच्या हातापासून दूर पळाले नाही. लोटा घेऊन ती डोहात उतरली आणि जिवबापाशी गेली. त्याचे ओठ फुटले होते, जीभ सुजली होती. पहारेकरी सावलीला शहाळी फोडीत होते. त्यांचे लक्ष नव्हते. एक घोट पाजायला क्षण पुरला असता. बकुळेचा हात लोट्यासह वर गेला. तिला राज्य नको होते, नदी नको होती. समोरचा माणूस हवा होता.

जिवबाने लोट्यात पाहिले. पाण्यात त्याला आपला चेहरा दिसला असेल. त्याने तोंड फिरवले.

"ते पायांवरचं आहे," तो म्हणाला.

बकुळेने थेंबही न सांडता लोटा खाली घेतला. ती वळली आणि काठावर आली.

मावळतीला नगर जमले. बसायला चांगली जागा मिळावी म्हणून लोकांनी सकाळपासून खडकांवर सतरंज्या टाकून ठेवल्या होत्या. डबे आणले होते. पोरांना खांद्यावर घेतले होते. एका तहानलेल्या माणसाला डोह गिळताना पाहायला ते जोडे घालून, फराळ बांधून आले होते, आणि एकमेकांना म्हणत होते, "काय करणार, रीत मोडली की असंच होतं." कुणाची रीत, कुणी मोडली, हे कुणी विचारत नव्हते.

कुंभदत्ताने हात वर केले. तेवढ्यात गर्दीतून बकुळा पुढे आली. मानेपाशी कापलेले केस, कपाळावर कुंकू, काखेत मडके, हातात लोटा. लोकांनी कुजबुज केली. तिने मडके राजापुढे ठेवले आणि फडक्याची गाठ सोडली.

आधी नगारे बाहेर आले. मग हसणे. मग सगळ्यांनी ऐकले: "महाराज, जोडे काढावेत." मग: "तुझ्या बायकोचे पाय मी धुवायचे." राजाचाच आवाज, शब्दही त्याचेच. आणि जिवबाचा: "माझ्या बायकोचे नाही, महाराज. मागच्याचे." त्यात चेटूक नव्हते, कपट नव्हते, एका माणसाने आपले काम केले होते. मग सराफाचा आवाज: "आम्हीही घरूनच धुऊन आलोय." साळ्याचा. कारकुनांचा. शेजारणीचा. शंभर आवाज, हजार आवाज, प्रत्येकाला आपला ओळखता आला. मडके रिकामे झाले, आणि इतकी शांतता पडली की माशाने पाणी घेतलेले ऐकू आले.

मग बकुळा बोलली. त्या नगराने तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

"तुम्ही सगळे इथे होता," ती म्हणाली. "सगळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी सगळ्यांनी मान हलवली. नदी तुमच्या पोरांना पोहायला शिकवत होती, तुमच्या म्हाताऱ्यांची हाडं निववत होती, आणि तुम्हाला एक लोटा मागच्याच्या पायांवर घालवेना, कारण राजाने घातला नाही. राजाने नाक कापलं असतं तर?" कुणी हसले नाही. तिने लोटा राजापुढे धरला. "तुमचं काम राहिलंय, महाराज. मागचं माणूस अजून उभं आहे. तीन दिवस उभं आहे."

राजा हलला नाही. प्रधान पुढे झाला. "महाराजांच्या वतीने मी घालतो." त्याने हात लावताच लोट्यातले पाणी तीन बोटे खाली गेले. कुंभदत्त म्हणाला, "मंत्राने शुद्ध करून देतो." पाणी आणखी तीन बोटे गेले. राजा म्हणाला, "राजवाड्यात येऊन सांग. तिथे तुला हवं ते देतो." आणखी तीन बोटे. आता तळाशी घोटभर उरले.

तेव्हा गर्दीतून आत्याबाई उठली. चपला काढल्या, आणि सुनेच्या मागे जाऊन उभी राहिली. मग सराफ उठला. त्याला आपले जोडे कुठे ठेवावेत ते सुचेना. ते हातातच धरून तो आत्याबाईच्या मागे उभा राहिला. मग साळी. मग कारकून. मग पालखीतून राणी उतरली, आणि साळ्याच्या बायकोच्या मागे जागा धरली. सतरंज्या रिकाम्या झाल्या. डोणीपासून वेशीपर्यंत अनवाणी माणसांची रांग लागली, आणि तिच्या अगदी पुढे, एका पायात मोजडी घालून, राजा उभा होता. त्याच्यामुळे सगळे खोळंबले होते.

अशा वेळी राजाला पश्चात्ताप झाला असे सांगायची पद्धत आहे. तसे काही दिसले नाही. त्याला तहान लागली होती, आणि मागे लोक फार होते.

त्याने उरलेली मोजडी काढली. वाकला. राजे वाकले की गुडघ्यांचा आवाज होतो. त्याने लोटा घेतला आणि बकुळेच्या काट्यांनी फाटलेल्या, हळद पुसट झालेल्या पायांवर घोटभर पाणी ओतले.

पाणी पळाले नाही. पाय भिजले.

लोटा पुन्हा काठोकाठ भरला. डोणीत झरा खळखळून पडला. बकुळेने मागे न पाहता आत्याबाईच्या पायांवर पाणी घातले, आत्याबाईने सराफाच्या, आणि लोटा हातोहात मागे सरकू लागला. राजा अनवाणी डोहात उतरला. पाण्याने त्याला घोट्यापर्यंत येऊ दिले, त्याहून जास्त नाही. त्याने मोजडी उचलली. सात बेडकांचे सात शिपाई झाले, मिशा होत्याच.

मग पाण्याची भिंत आत वळली आणि जिवबाभोवती मिटली. गुडघे, कंबर, छाती, हनुवटी. ओठांशी येऊन ती थांबली. त्याने तोंड उघडले आणि नदी प्यायला. दोर भिजून फुगले आणि आपोआप सुटले. घळीतून सात बायकांच्या बांगड्यांचा आवाज खाली आला, आणि चूल पेटल्याचा धूर डोहाच्या तळातून वर आला. ज्यांनी पाहिला त्यांनी पाहिला.

कुंभदत्ताला मात्र त्या दिवसापासून पाणी शिवले नाही. पाऊस पडे तेव्हा तो छत्रीशिवाय कोरडा फिरे, आणि लोक त्याला सिद्ध समजत. जन्मभर तो ताकावर राहिला. माणकांच्या मोजडीचे राजाला देऊळ बांधायचे होते. जिवबाने ती डोणीशेजारी खुंटीला टांगली. नवी पोरे विचारत, "ही कुणाची?" आणि त्यांना खरे सांगितले जाई. राजा दर सणाला येई, रांगेत उभा राही. मागे पाहायची त्याची सवय पुरती गेली नाही. पण पाणी तो घाली.

तर त्या मावळतीला रांग सरली, सगळे नगर पाण्यात उतरले, तरी बकुळा काठावरच होती. जिवबा ओला होऊन तिच्याकडे आला. तिच्या कापलेल्या केसांकडे त्याने पाहिले.

"पाय धुऊन झालेत ना?" त्याने विचारले.

"राजाने धुतलेत," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्हाला एकदा विचारून घ्यावं, नीट झालेत का."

जिवबाने वाकून पाहिले. "चालतील," तो म्हणाला.

आणि चौदाव्या दिवशीची पाळी सतराव्या दिवशी लागली. बकुळा नितळेत उतरली, आणि नितळेने तिला गळ्यापर्यंत घेतले.

कथा इथे पाय पुसून घरात गेली. ज्याने ऐकली त्याने लोटा मागे द्यावा. मागे कोण आहे ते बघू नये.